त्यातल्या त्यात फिरणं

‘दोन छंद सांगितले होते हो तिने, नाचणं आणि फिरणं. त्यातल्या त्यात फिरणं परवडलं. म्हणून आम्ही फिरतो.’

सासूबाईंनी हे कुंपणापलीकडच्या भूगोलाच्या बाईंना सांगितलं, तेव्हा सूनबाई दोरीवरच्या ओल्या चादरीमागे उभी होती. हातात उशीचा अभ्रा, तोंडात दोन चिमटे. (चिमटे नसते तरी ती काही बोलली असती असं नाही. बोलणं हा तिचा प्रांतच नव्हे.) पण त्या क्षणी तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्या उजेडात तिला लग्नापासूनचे सगळे रविवार दिसले.

लग्न ठरण्याआधीच्या पहिल्या भेटीत सासऱ्यांनी तिला विचारलं होतं, तुला आवडतं काय काय? तिने नेहमीच्या आवाजात, म्हणजे मांडीला मांडी लावून बसलेल्या तिच्या आईलाही ‘काय गं?’ म्हणावं लागतं त्या आवाजात, सांगितलं होतं, ‘वाचणं आणि विणणं.’ सासरे कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले. जन्मभर ‘शूऽऽ’ करून लोकांना गप्प बसवलं, त्यात ऐकायची सवयच मोडली. त्यांना जे ऐकू आलं ते त्यांनी घरी जाऊन जाहीर केलं. वाचण्याचं नाचणं झालं, विणण्याचं फिरणं झालं. मग तिघांनी बसून खल केला असणार आणि नाचण्याचं पुढे बघू, असं ठरलं असणार.

इकडे सूनबाईची समजूत अशी, की हे घराणंच चालणाऱ्यांचं. पहिल्याच रविवारी, अजून नीट उजाडलंही नव्हतं, तर सासरे नवेकोरे बूट घालून दारात उभे. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे. नवरा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. त्याच्या पाठीवर एवढी मोठी पिशवी, की हा फिरायला निघालाय की घर सोडून, असा प्रश्न पडावा. घरची रीत आहे, आपण कशाला मोडा, असं मनाशी म्हणून ती डोळे चोळत निघाली. तेव्हापासून दर रविवारी ही वरात तळ्याला वळसा घालून, वसतिगृहावरून, क्रिकेटच्या मैदानाकडेने जायची आणि यायची. पुढे सासरे, मागे सासूबाई, मध्ये नवरा ‘काय हवा आहे, नाही?’ असं दर विजेच्या खांबापाशी विचारणारा. चौघेही हसतमुख. घरी आलं की कोणी कोणाच्या नजरेला नजर न देता आडवं व्हायचं.

भूगोलाच्या बाई कॉलेजचं गिर्यारोहण मंडळ चालवत. सासूबाईंनी त्यांच्या कानावर हे घातलं ते मोठ्या धोरणाने. बाईंनी सुनेला तेवढं मंडळात ओढावं आणि बाकीच्या जिवांची सुटका करावी, असा तो डाव. पण बाईंच्या कानाची रचनाच अशी, की ‘गुडघे’ हा शब्द आत शिरत नसे. त्या हरखून गेल्या. असं अख्खंच्या अख्खं हौशी कुटुंब शेजारी राहतं आणि आपल्याला पत्ता नाही म्हणजे काय? सुट्टीत मंडळाची तीन दिवसांची डोंगरयात्रा होती, तंबूत मुक्काम. येत्या रविवारी कॉलेजमागच्या टेकडीवर सराव. जो माथ्यावर पोचेल त्याचं नाव पक्कं. चादरीमागे सूनबाईच्या तोंडातले दोन्ही चिमटे एकदम गळाले.

तिने ठरवलं, रविवारच्या आत सांगून टाकायचं. सुरुवात सोप्या ठिकाणापासून केली. चहा घेताना नवऱ्याला विचारलं, तुला मनापासून आवडतं का रे फिरायला? बिचाऱ्याला वाटलं ही परीक्षा आहे. तो म्हणाला, ‘तुझ्याबरोबर? जन्मभर फिरेन.’ असं म्हणताना तो टेबलाखाली टाचेच्या फोडाला मलम लावत होता. आता अशा माणसाला काय सांगणार?

मग ती सासऱ्यांकडे गेली. ते वर्तमानपत्रात बुडालेले. शेजारी उभं राहून, सगळा जीव आवाजात आणून ती म्हणाली, ‘बाबा, मी तेव्हा विणणं म्हटलं होतं.’

‘हो हो,’ बाबा मान वर न करता म्हणाले, ‘निघणं पहाटेच बरं. उन्हाचं नको.’

उरल्या सासूबाई. त्या पलंगावर पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होत्या. तिने वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतः चोळायला लागली. म्हटलं, आता बोलायचंच. ‘आई,’ असं म्हणालीही. पण सासूबाईंना वाटलं, पोरीला आपली कीव आली. त्या म्हणाल्या, तू नको काळजी करूस, हे गुडघे आवाज करतात तेवढेच, काम करतात. मग म्हणाल्या, ‘मला सायकलची फार हौस होती. लग्न झालं आणि सुटली. कोणी नको म्हणालं नाही गं, कोणी विचारलंच नाही. तुझं तसं नाही होऊ द्यायचं, एवढं मी ठरवलंय.’

सूनबाईने दुसऱ्या गुडघ्याला तेल लावलं. आपण गप्प राहिलो तर ही बाई तीन दिवस डोंगर चढेल, आणि बोललो तर इतके दिवस हिने सोसलेलं सगळं हास्यास्पद होईल. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींकडे जायचं ते चालतच.

रविवारी टेकडीवर कॉलेजची पोरं शेळ्यांसारखी उड्या मारत वर गेली. मागून ही वरात. सासऱ्यांचे बूट दर पावलाला कुरकुरत होते (ते स्वतः कुरकुरत नव्हते, हा त्यांचा मोठेपणा). पाऊस नव्हता तरी नवऱ्याच्या पिशवीत दोन छत्र्या, भर उजेडात टॉर्च, शिवाय सापाच्या औषधाची म्हणून आणलेली एक बाटली, जी नीट वाचल्यावर खोकल्याच्या औषधाची निघाली. सासूबाई दर दगडावर बसत आणि बसण्याचं कारण म्हणून देखाव्याची तारीफ करत. देखावा म्हणजे खाली पाण्याची टाकी आणि वसतिगृहाच्या गच्चीवर वाळणाऱ्या विजारी. शेवटच्या चढाला तर नवऱ्याने पुढून ओढलं, सुनेने मागून रेटलं आणि सासूबाई कपाट चढवावं तशा माथ्यावर पोचल्या.

बाईंनी हातातला भोंगा तोंडाला लावला. सुनेच्या हौसेखातर सारं घर डोंगर चढतं, याला म्हणतात कुटुंब, असं त्यांनी पोरांना सुनावलं. चौघांचं यात्रेचं नक्की झालं, हे जाहीर केलं. आणि मग म्हणाल्या, यांच्या सूनबाई नाचतातही उत्तम, तर मुक्कामी शेकोटीभोवती त्यांचा नाच होईलच, पण आत्ता एक छोटीशी झलक होऊन जाऊ दे. पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला. बाईंनी भोंगा तिच्या हातात दिला आणि मधली जागा मोकळी केली.

सूनबाईने सासूबाईंकडे पाहिलं. त्या दगडावर बसल्या बसल्या, गुडघा धरून, तिला ‘घाबरू नकोस’ अशी खूण करत होत्या. ते बघितलं आणि तिला राहवेना.

‘मला नाचता येत नाही,’ ती म्हणाली. भोंगा चालू होता. समोरच्या डोंगरानेही त्याला दुजोरा दिला. ‘मी वाचणं म्हटलं होतं. वाचणं आणि विणणं. फिरायला मला आवडत नाही.’

टाळ्या थांबल्या. तिची सासूबाईंकडे बघायची हिंमत होईना.

‘अजिबात नाही?’ सासूबाईंनी विचारलं.

तिने मान हलवली. सासूबाईंनी सावकाश दोन्ही गुडघ्यांचे पट्टे सोडले, घडी करून नवऱ्याच्या, म्हणजे बाबांच्या, हातात ठेवले आणि म्हणाल्या, ‘घ्या. तुमच्या कानाला बांधा.’

आणि हसायला लागल्या त्या थांबेचनात. मग सगळंच बाहेर पडलं. बाबांचे बूट पहिल्या दिवसापासून चावत होते. नवऱ्याला पहाटेच्या हवेने सर्दी व्हायची, म्हणून तर सापाच्या नावावर खोकल्याचं औषध. सूनबाईच्या जिवात जीव आला. पण ही माणसं प्रेमळ होती, आणि प्रेमळ माणसांपुढे कोणाचं काय चालतं? बाबा म्हणाले, पोरीचा छंद इतके दिवस बुडाला, तो भरून काढला पाहिजे. उद्याच लोकर आणू. नवरा म्हणाला, मी पण शिकतो. सासूबाई म्हणाल्या, एकटीने कशाला, आपण चौघं मिळून विणू, दर रविवारी, पहाटेच बसू, तेव्हा शांत असतं. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, मग मंडळाच्या सगळ्या पोरांच्या कानटोप्या तुमच्याकडे लागल्या.

सूनबाईने एकेकाच्या आनंदी तोंडाकडे पाहिलं. मग भोंगा पुन्हा तोंडाशी नेला आणि बाबांनाही ऐकू जाईल अशा बेताने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, ‘रविवारी पहाटे मला झोपायला आवडतं.’