जावई होते तिथेच

चष्मेवाल्यांनी आकाशदर्शन मंडळात नाव घातलं ते रागाच्या भरात. "हाती घेतलेलं एक तरी काम तुम्ही शेवटास नेलंय का?" असं बायको म्हणाली, आणि तेही स्वतःच्या आईसमोर. (एकटं असताना म्हणाली असती तर त्यांनी नेहमीप्रमाणे ऐकूनही घेतलं असतं.)

मंडळाचे प्रमुख म्हणजे भूगोलाचे एक निवृत्त सर. ते म्हणाले, "डोंगरावरच्या शिबिरात एकच जागा उरलीय. मोठी दुर्बीण असणार आहे. पण जो महिनाभर रोज नोंदवही लिहील, त्यालाच ती जागा! काय दिसलं, कधी दिसलं, सगळं लिहायचं. आठवणीवर विसंबायचं नाही. आठवण लबाड असते."

त्याच संध्याकाळी दुकान बंद करून चष्मेवाल्यांनी आरामखुर्ची गच्चीवर चढवली. शाल, थर्मास, टॉर्च, कोरी वही असा सगळा सरंजाम मांडला, मान मागे टाकली, आणि पहिला तारा दिसायच्या आत त्यांचा डोळा लागला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सासूबाई वर आल्या. गुडघ्याचं ऑपरेशन करून त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या आणि डॉक्टरांनी त्यांना रोज जिना चढायला सांगितलं होतं. पाहतात तर जावई घोरतायत आणि वही कोरी.

"जावईबापू, वहीत काहीच नाही?"

"अं? ढग होते ना," चष्मेवाले दचकून म्हणाले. वर आभाळ लख्ख होतं.

"द्या इकडे. मला तशीही झोप येत नाही. मी लिहिते, तुम्ही पडा."

"फक्त आजच्या दिवस हं," चष्मेवाले म्हणाले. आणि मग महिनाभर रोज हेच म्हणाले.

महिना संपला. रविवारी दुपारी मंडळाची बैठक होती. कौतुक पाहायला बायको आली, सासूबाईही आल्या. चष्मेवाल्यांनी ऐटीत वही सरांपुढे ठेवली. ती त्यांनी वाचली मात्र नव्हती. (अक्षर लांबूनही लागतंय एवढं पाहिलं होतं. चष्मेवाल्याला आणखी काय हवं?)

सरांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "'साडेआठ. तांबूस तारा पाण्याच्या टाकीच्या डावीकडे. जावई झोपले. दहा. तांबूस तारा टाकीच्या उजवीकडे सरकला. जावई होते तिथेच.'"

हॉलमध्ये खसखस पिकली.

"ते सांकेतिक आहे, सर," चष्मेवाले घाम पुसत म्हणाले. "जावई म्हणजे एक तारकासमूह..."

"घोरणारा?" सरांनी पुढची ओळ वाचली. "'जावयांच्या घोरण्यानं कबुतरं उडाली. आभाळ स्वच्छ.'"

बायकोनं नवऱ्याकडे असं पाहिलं की चष्मेवाल्यांना टेबलाखाली जागा शोधावीशी वाटली. एवढ्यात सर वाचता वाचता थांबले. तेच पान त्यांनी पुन्हा वाचलं.

"'माथ्यावरचा एक ठळक तारा आज मंद, कंदिलाची वात खाली केल्यासारखा. झोपायच्या वेळेपर्यंत पुन्हा उजळला. तीन दिवसांपूर्वीही असंच झालं होतं.' अहो, ही तर मायावती! ही तारका दर तीन दिवसांनी अशीच मंदावते, हे पुस्तकात आम्ही सगळ्यांनी वाचलंय. पण आपल्या मंडळात अजून कुणी तिला पकडलं नव्हतं. मीही नाही! हे लिहिलं कुणी?"

"मीच की!" सासूबाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या. "आधी वाटलं, माझ्याच डोळ्यांत काहीतरी झालंय. मग मागची पानं उलटली तेव्हा कळलं. लिहून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर जावयांना विचारावं लागलं असतं."

शिबिराची जागा सासूबाईंना मिळाली. त्यांनी ती जराही आढेवेढे न घेता घेतली. चष्मेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगायचं तर मनापासून वाजवल्या. सासूबाईंची बॅगही त्यांनीच बसमध्ये नेऊन ठेवली.

पुढे मंडळानं ती वही वार्षिक अंकात छापली. 'जावई' तेवढे गाळा, म्हणून चष्मेवाल्यांनी खूप गयावया केली, पण सर म्हणाले, "नोंदीतला शब्द गाळणं शास्त्रात बसत नाही."

अंक निघाल्यावर एक बाई तो घेऊनच दुकानात आल्या. चष्मेवाल्यांनी हातातली फ्रेम खाली ठेवली आणि घसा खाकरला. ताऱ्यांबद्दल चार शब्द बोलायची त्यांनी केव्हाची तयारी केली होती.

"आमच्या ह्यांना वर्षभर झोप नाही हो," बाई हळूच म्हणाल्या. "गच्चीवर जायच्या आधी तुम्ही नक्की काय घेता?"