बिनचिमट्याची कात

"ड्रॅगनची पहिली कात वाऱ्यावर मोकळीच वाळली पाहिजे! कुळाचा तीन हजार वर्षांचा शिरस्ता आहे. आपले पूर्वज कड्यांवर काती वाळत घालायचे, तेव्हा काय चिमटे लावत होते?" वडिलांनी स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं.

"तेव्हा कड्याखाली शेजारी राहत नव्हते," आई म्हणाली. "आणि अहो, हनुवटीला पेस्ट लागलीय."

वडिलांनी हनुवटी पुसली, लेकीची सकाळीच उतरलेली हिरवी कात खांद्यावर टाकली आणि ते गच्चीवर गेले. माणसाच्या रूपात ते विमा कंपनीत आगीचे दावे तपासत. आग खरी की लावलेली, हे त्यांना नुसत्या वासावर कळे, त्यामुळे साहेबांची त्यांच्यावर फार मर्जी होती. माणूस होऊन राहणं त्यांना कधी जड गेलं नाही. जड जात ते शिरस्ते.

दहा मिनिटांनी वाऱ्याची एक झुळूक आली. दोरीवरची चादर जागेवर राहिली, दोन्ही टॉवेल जागेवर राहिले. त्यांना चिमटे होते.

कुळाचा दुसराही एक शिरस्ता होता: आपण कोण आहोत हे माणसाला कळलं, की सूर्य मावळायच्या आत गाव सोडायचं. आईनं मुकाट्यानं कुकर वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतला. सहाव्या गावात हात आपोआप चालतात.

"मी येणार नाही," सतरा वर्षांची ठिणगी म्हणाली. "सहा गावांत पहिल्यांदा मला मैत्रीण मिळालीय, आई. 'उद्या भेटू' म्हटलं की ती खरंच उद्या भेटते."

"मग बापाला घेऊन जा आणि कुणी ओळखायच्या आत कात शोध."

ती शोधावी लागली नाही. तळमजल्यावर इस्त्रीवाल्या मावशींच्या टेबलावर ती ऐसपैस पसरली होती.

"मावशी, हे आमचंय. वरून उडालं," ठिणगी म्हणाली.

"हो का? काय आहे गं हे?"

"टेबलावरचं कापड," ठिणगी म्हणाली.

"तंबू," वडील त्याच क्षणी म्हणाले.

"कापड की तंबू?"

"तंबूतल्या टेबलावरचं कापड," वडिलांनी तडजोड केली.

"आणि ही शेपटी?"

"झालर आहे ती."

मावशींनी लालबुंद तापलेली इस्त्री कातीवर ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. कातीला डागही पडला नाही. धूर निघाला तो वडिलांच्या नाकातून. घाबरले की त्यांचं असं होई. त्यांनी नाक मुठीत धरलं, तर कानांतून यायला लागला.

"बाहेर जाऊन सोडा, दादा. इथं पांढरे शर्ट आहेत."

ठिणगीचे डोळे भरले. "मावशी, तुम्हाला कळलं?"

"आता कळतंय होय? तीन वर्षं तुमचे कपडे माझ्याकडे येतायत. दादांच्या प्रत्येक शर्टाला पाठीवर दोन उभ्या चिरा. वहिनींच्या उशीच्या अभ्र्यांना कडा जळालेली भोकं. म्हटलं, घोरत असतील बिचाऱ्या. तुझ्या गणवेशात तर परवा खवला निघाला. पुसून खिशात ठेवलाय बघ."

"आणि कुणाला बोलला नाहीत?" वडील थक्क झाले.

"कपड्यांवरून कळलेलं बोलायला लागले, तर या इमारतीत कोण कुणाला तोंड दाखवेल? चौथ्या मजल्यावरच्यांचंच घ्या..."

"काय त्यांचं?" वडील पुढे सरकले.

"नाही सांगणार."

"बाबा," ठिणगीनं नाक ओढलं, "कळलं त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत जायचं ना? पण यांना कळून तीन वर्षं झाली."

वडिलांच्या कपाळावर कचेरीतली आठी उमटली. "प्रकरण मुदतबाह्य," त्यांनी निकाल दिला आणि जिन्यातून वर ओरडले, "अगं, कुकर सोड! राहतोय आपण!"

ठिणगीनं मावशींना अशी मिठी मारली, की पदर थोडा तापला.

वडिलांचा ऊर भरून आला. "मावशी, तीन हजार वर्षांत कुणा माणसानं आमचं गुपित असं जपलं नाही. मागा, काय हवं ते मागा. अख्खं कूळ तुमच्या शब्दाबाहेर नाही!"

मावशींनी टेबलाकडे पाहिलं, मग वडिलांकडे खालून वर नजर फिरवली.

"ही राहू द्या माझ्याकडे. आणि दादा, तुमची कधी निघतेय? टेबलाला हातभर कमी पडतंय."