अडवलेली हळद

हळदीसाठी मुलूखभर नाव असलेल्या सांगलीत भूपालआण्णांच्या घरची आमटी पांढरी असायची. बाजारात भाव चढू लागला, की आण्णा स्वयंपाकघरातला हळदीचा डबा बंद करायला लावत. "चढत्या भावात माल खायाचा नसतो, मास्तर," असं मला समजावत. स्वयंपाकाच्या कमळाबाई वाढता वाढता पुटपुटत, "सुतकातली आमटी बरी ह्येच्यापरीस!" आण्णा भुरका मारून म्हणत, "भाव अजून कवळा हाय."

मी त्यांच्या माडीवरचा भाडेकरू. विश्रामबागेतल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो. साल सत्तरीतलं, आणीबाणीच्या आधीचं. माझं लग्न झालं नव्हतं, म्हणून जेवण खाली त्यांच्या पंगतीला. आण्णांची बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. सख्खा धाकटा भाऊ होता, जिनपाल, आण्णांचा जिनू. पण वाटणीच्या वेळी भांडण झालं आणि जिनपालनं विश्रामबागेत बंगला बांधून थोरल्याचं तोंड बघणं सोडलं. दोघेही हळदीचेच व्यापारी. बोलणं काय ते दलालांच्या तोंडून.

आमच्याकडे हळद पेवात ठेवतात. जमिनीत खोल खणलेलं पेव, तोंड मातीनं लिंपलेलं. हळद खाली झोपलेली असते आणि वर तिच्या पावत्या गावभर हिंडतात; पावती ज्याच्या हाती, हळद त्याची. त्या साली आण्णांनी दिसेल ती पावती उचलली. सोनं मोडलं, मळा गहाण टाकला, आणखी पावत्या घेतल्या. वाण्याकडे बाया चिमूटभर हळदीसाठी घासाघीस करू लागल्या, एका छोट्या अडत्यानं दुकानाला कुलूप लावलं. मी एकदा म्हणालो, "आण्णा, आता विका की. एवढ्या पैशाचं करणार काय?"

"भाव अजून कवळा हाय."

माझ्या पुस्तकांप्रमाणे एवढा चढलेला भाव पडायलाच हवा होता. मग मीही वायद्यात उतरलो. म्हणजे, तीन महिन्यांनी आजच्या भावानं हळद देतो असं कबूल केलं. हळद जवळ असावी लागत नाही. भाव पडला तर स्वस्तात घेऊन द्यायची आणि मधला नफा खिशात. चढला तर फरक भरायचा. स्कूटरसाठी साठवलेले पैसे मी दलालाच्या हातावर ठेवले. घेणारा कोण, हे विचारायचं मला सुचलं नाही. सांगलीत तेव्हा घेणारा एकच होता, आणि मी त्याच्याच शेजारी बसून आमटी ओरपत होतो.

भाव पडला नाही. वायद्याच्या दिवशी सकाळी मी जिना उतरलो तो मान खाली घालून. आण्णांनी दाढी करून कडक इस्त्रीची टोपी घातली होती. बैठकीवर नवी चादर. आतून कमळाबाईंचा आवाज आला, "शेंगाच्या पोळ्या कुणासाठी म्हणायच्या? तुमाला तर दाताला लागत न्हाईत."

"कर गं. लोक येत्यात आज."

मी चाचरत माझा पराक्रम सांगितला. आण्णा हसले. "दलालानं कवाच सांगितलंय. पर सोता आलासा न्हवं? बसा. च्या घ्या. तुमचं मिटलं."

दिवसभर मी तिथंच बसलो. एकेक व्यापारी पडलेल्या चेहऱ्यानं येई आणि आण्णा त्याला चहा पाजून अर्ध्या फरकात मोकळा करत. एकालाही त्यांनी नागवला नाही. पण दाराशी चप्पल वाजली की त्यांची मान वर जाई, आणि आलेला माणूस दिसला की खाली येई. अजून आला नव्हता तो एकटा जिनपाल. वायद्यात सगळ्यांत जास्त हळद त्यानंच विकली होती.

तेव्हा कुठं माझ्या अर्थशास्त्रात उजेड पडला. अख्ख्या गावाची हळद या माणसानं एका माणसाला दारात आणण्यासाठी अडवली होती.

दिवेलागणीला जिनपालचे दिवाणजी आले. हातातली पिशवी त्यांनी आण्णांच्या पुढ्यात ठेवली.

"पुरा फरक हाय, आण्णा. मालकांनी बंगला विकला."

आण्णा पिशवीकडे बघेनात. "अर्ध्याच्या वर घेतला न्हाई कुणाकडनं मी. सोता का आला न्हाई त्यो?"

दिवाणजी पिशवीची गाठ सोडू लागले.

"काय निरोप?"

"पावती तेवढी मागितलीया."

आण्णांनी पावती लिहून दिली. मग विचारलं, "पोरं कुटं हायती?"

"इस्लामपुरास. वैनींच्या माहेरी."

"पिशवी माघारी न्हे."

"त्ये घेनार न्हाईत, आण्णा. मला घरात घ्यायचे न्हाईत." दिवाणजींनी हात जोडले आणि उठले.

कमळाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पोळ्यांचं काय करायचं, हे त्यांनी विचारलं नाही. आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मास्तर, इस्लामपूर म्हंजे गुळाचा बाजार," ते हळूच म्हणाले. "हळदीत आता उभा ऱ्हायचा न्हाई जिनू. गुळातच पडंल. बगा बरं, गुळाचा भाव काय निघालाय?"

मी पेपर उघडला. भाव पहिल्याच रकान्यात होता. पण तो मला मोठ्यानं वाचवेना.