भास्कररावांचा डावा खुबा

भास्करराव माणसाच्या चेहऱ्याकडे उशिरा बघतात. आधी त्याची चाल बघतात.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत ते पहिल्या मजल्यावर राहतात, मी तळमजल्यावर. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. खुर्ची गॅलरीत अशी ठेवलेली, की रस्त्यावरचा प्रत्येक पाय दिसावा. त्यांचा डावा खुबा झिजलेला होता आणि तो पाय आखूड पडला होता. धड चालणाऱ्या प्रत्येकाचा त्यांना हेवा वाटे. दूधवाला दोन-दोन पायऱ्या चढला की वरून आवाज येई, "नशीब बघा एकेकाचं!" एकदा फाटकाशी बकरी आली. तिच्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. "चार पाय, अन् चारी धड. नशीब बघा!"

शेवटी ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांना समजावून सांगायला मीही बरोबर हवा होतो, पण काय समजावायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. म्हणाले, "उजवा खुबा चांगला आहे. त्याच्यावरून डाव्याचं माप काढायचं. नुसती लांबी जुळवून भागत नाही. मांडीचं हाड खुब्यापासून मुळात जेवढं बाहेर असतं, तेवढंच राहिलं पाहिजे. नाहीतर स्नायू ढिले पडतात आणि माणूस डुलत चालतो."

भास्कररावांचा चेहरा उजळला. "म्हणजे उजवा आपला मूळ नकाशा. हद्द त्याच्यावरून कायम करायची. करा सुरू, साहेब!"

हद्द नेमकी कायम झाली. नव्या खुब्याची वाटी, गोळा, दांडा, सगळं जिथल्या तिथं. काही महिन्यांत ते काठीशिवाय चालू लागले. डाव्या पायाची जाड तळाची चप्पल गेली. येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी एक्स-रे मिळू लागला. "ओळखा, देवाचा कोणता अन् डॉक्टरचा कोणता?" पांढराशुभ्र धातू लहान मुलालाही ओळखू येत होता. तरी आम्ही विचारात पडल्यासारखं करायचो.

आता हेवा संपेल, असं मला वाटलं होतं.

भास्करराव आणि सुमनवहिनी रोज संध्याकाळी फिरायला जातात. इतकी वर्षं वहिनी त्यांचा डावा दंड धरून, त्यांच्या लंगडण्याला पाऊल जुळवून चालायच्या. ऑपरेशननंतर वहिनींचा हात मोकळा झाला. नेमका तेव्हाच वरच्या मजल्यावरच्या प्रभाताईंचा गुडघा धरला. वहिनींनी त्यांना आधार दिला.

"तुम्ही व्हा पुढं," त्या नवऱ्याला म्हणायच्या. "तुम्हाला आता काय झालंय?"

भास्करराव पुढे व्हायचे. एकटे, ताठ, सरळ. मागून दोघींचं हसणं ऐकू यायचं.

"नुसता गुडघा ओ!" एकदा ते माझ्याजवळ फणफणले. "खुब्यापुढं गुडघा म्हणजे काय? अन् थाट बघा तिचा. नशीब बघा एकेकीचं!"

"तुमचा पाय बरा झाला, भास्करराव."

"झाला की," ते म्हणाले. "लईच बरा झाला."

परवा गुलमंडीत मला काम होतं. हे तिघंही खरेदीला निघाले होते, म्हणून एकत्रच गेलो. दुकानांच्या रांगेत भास्करराव नेहमीसारखे पुढे होते. दोनदा त्यांनी वळून पाहिलं. वहिनी प्रभाताईंना एका साडीचा काठ दाखवत होत्या. भास्करराव थांबले. मग चार पावलं टाकली ती लंगडत.

वहिनींचं लक्ष गेलं. "भाऊजी, जरा प्रभाताईंना धरा," असं मला म्हणून त्या पुढे धावल्या. सवयीने नवऱ्याचा डावा दंड धरला.

"दुखतंय का हो?"

"थोडंसं," भास्करराव म्हणाले. "तू जा तिच्याजवळ. तिचा गुडघा मोठा!"

"गप चला."

दोघं निघाले. भास्करराव मन लावून लंगडत होते. माझ्या हाताला धरून उभ्या असलेल्या प्रभाताई बराच वेळ बघत राहिल्या.

"काय ओ, ऑपरेशन डाव्याचं होतं ना?"

"डाव्याचंच."

"मग हे उजव्यानं का लंगडायलेत?"

पुढे वहिनींची पावलं मंदावली होती. त्यांनी खाली, नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं. मग डावा दंड सोडला, मागून वळसा घालून त्या उजव्या बाजूला आल्या, आणि तो दंड घट्ट धरला.