पलंगावरची तालिकोट

मे महिन्यात सोलापुरात दोन माणसं भेटली की पहिलं वाक्य उन्हाचं असतं. एकानं "काल त्रेचाळीस गेलं म्हणं" म्हणायचं आणि दुसऱ्यानं टोपीनं वारा घेत "मरतोय आता" म्हणायचं, असा रिवाजच आहे. आमच्या कचेरीतले बिराजदार मात्र हे ऐकलं की ताठ व्हायचे आणि विचारायचे, "त्रेचाळीसवर किती?"

समोरचा गोंधळायचा.

"दशांश ओ. त्रेचाळीस दशांश दोन, का आठ?"

समोरच्याला अर्थातच ठाऊक नसायचं. मग बिराजदार त्याच्याकडं असे पाहायचे, की त्या बिचाऱ्याला आपण शाळेत गेलो होतो की नाही अशी शंका यावी. आदल्या दिवसाचा दशांश आठ असला तर बिराजदार दिवसभर शीळ घालत काम करायचे. दोन असला तर दुपारचा डबासुद्धा तसाच परत न्यायचे. कारण त्या दशांशावर त्यांच्या तोफा चालायच्या.

तोफा म्हणजे तोफाच. मल्लप्पा बिराजदार, राहणार साखर पेठ, मूळ गाव मैंदर्गी, हुद्दा ट्रेसर. पाटबंधाऱ्याच्या नकाशा शाखेत कालव्यांचे नकाशे पातळ कापडावर उतरवून काढायचे, हे त्यांचं सरकारी काम. हात इतका बारीक की ओढ्याच्या वळणातली झुडपंसुद्धा वेगवेगळी दिसायची. उरलेल्या वेळात ते चारशे वर्षांपूर्वीची तालिकोटची लढाई लढत असत. त्यांच्याशेजारचं टेबल माझं असल्यामुळं या लढाईची झळ मला सात वर्षं सोसावी लागली.

ज्यांनी शाळेत इतिहासाच्या तासाला झोप काढली त्यांच्यासाठी सांगतो. कृष्णेच्या काठी ही लढाई झाली. एका बाजूला विजयनगर, दुसऱ्या बाजूला विजापूरकर आणि त्यांचे दख्खनचे सोबती. विजयनगर हरलं. साऱ्या जगानं हे मान्य केलं, फक्त बिराजदारांनी केलं नाही.

"हत्ती चुकीच्या अंगाला लावले ओ, वाघमारे," ते मला सांगायचे. "डावीकडं लावले असते तर आज आपण हितं असं बसलोच नसतो."

कुठं बसलो असतो, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण एकदा तरी विजयनगर जिंकून दाखवायचं, ही एकच इच्छा घेऊन हा माणूस जगत होता. बढती, घर, मुलाची नोकरी, या गोष्टी बायकोकडं सोपवलेल्या होत्या.

हत्तींवरून त्यांनी इथल्या एका दैनिकाला पत्र पाठवलं. ते छापून आलं आणि आठवड्यात विजापूरहून उत्तर आलं. लिहिणारे गलगली मास्तर, निवृत्त शिक्षक, रोज संध्या करणारे आणि तरीही आदिलशाहीचे कट्टर अभिमानी. 'श्री. बिराजदार यांचे हत्तींविषयीचे अज्ञान पाहून खेद झाला,' अशी सुरुवात होती. बिराजदारांनी मास्तरांच्या भूगोलाविषयी खेद व्यक्त केला. हा खेद दीड वर्ष चालला, आणि मग संपादकांनाच खेद होऊन त्यांनी 'हा पत्रव्यवहार आता बंद' असं छापलं. तेव्हा दोघांनी ठरवलं, की आता लढूनच निकाल लावायचा. साल बहात्तर. तालुक्यातालुक्यांत दुष्काळी कामं निघाली होती, लोक खडी फोडत होते, आणि हे दोघे विद्वान पोस्टकार्डावर युद्ध पुकारत होते.

पहिल्यांदा मी त्यांच्या घरी गेलो तो दिवस मला आठवतो. दोन खोल्यांचं घर, त्यात एक मोठा पलंग, आणि पलंगावर माणसाला टेकायला जागा नाही. सोलापुरी चादर ताणून अंथरलेली, तिच्या चारी कडा टाचण्यांनी पक्क्या केलेल्या. चादरीवरच्या चौकड्या मोजून सैन्य पुढं सरकायचं. पायदळ एका वेळी दोन चौकड्या, घोडदळ चार. चादरीखाली जिथं जिथं जुने नकाशे गुंडाळून घातले होते तिथं डोंगर होते. नदीच्या जागी वहिनींच्या निळ्या लुगड्याचा काठ होता, तो कापताना त्यांना विचारलं होतं असं मला वाटत नाही. अशीच चादर, त्याच मागावरची, पार्सलनं विजापूरला गेली होती, म्हणजे दोन्हीकडच्या चौकड्यांत फरक नको.

सैनिक म्हणजे कचेरीतल्या झिजलेल्या पेन्सिली. इंचाइंचाचे तुकडे कापून प्रत्येकाला फेटा, मिशी आणि भाला रंगवलेला. निळ्या पेन्सिली विजयनगरच्या, तांबड्या विजापूरच्या. तोफा गिरणीतल्या सूत गुंडाळायच्या फुटक्या बॉबिनांच्या. पण खरी करामत हत्तींची होती. बेंदराला कुंभाराकडं मातीचे बैल मिळतात, घरोघरी लोक जोडी आणून पुजतात. बिराजदारांनी वीस जोड्या आणल्या. कुंभार चाट पडला.

"मालक, शेती किती म्हणायची?"

"एक गुंठा न्हाय," बिराजदार म्हणाले.

घरी आणून त्यांनी बैलांची शिंगं मोडली आणि मेणाच्या सोंडा चिकटवल्या. वशिंडं मात्र फोडायला गेलं की पाठ फुटायची, म्हणून ती तशीच राहिली. वशिंडवाले हत्ती सबंध हिंदुस्थानात फक्त साखर पेठेत पाहायला मिळत. मी तसं म्हटलं, तर त्यांनी मला पलंगापासून तीन हात लांब बसवलं.

आठवड्याला एक चाल, एक कार्ड. तोफ लागली की चुकली हे फाशांवर ठरवायचं तर एकमेकांच्या फाशांवर भरवसा कसा ठेवणार? म्हणून पेपरातला सोलापूरच्या तापमानाचा दशांश. सोमवारचा बिराजदारांचा, गुरुवारचा मास्तरांचा. ऊन दोघांचंही नातेवाईक नसल्यामुळं त्यावर तक्रार नव्हती. बाकी सगळ्याला नियम होते. फुलस्केप वहीत लाल शाईनं लिहिलेले बेचाळीस नियम, खाली पोटनियम. अर्धी चौकडी जास्त सरकली तर चाल रद्द. सलग तीन गुरुवार चाल आली नाही तर तो सेनापती हरला, हा बारावा नियम. एकदा मी शिंकलो आणि सात निळे घोडेस्वार आडवे झाले. मी उभे करायला गेलो तर बिराजदारांनी माझा हात धरला. सात स्वार पडले ते पडले, तसं त्यांनी मास्तरांना कळवलं. उलट टपाली उत्तर आलं: 'आपले सात स्वार शिंकेने पडल्याचे वाचून वाईट वाटले. उभे करावेत. आमची हरकत नाही. शिंकणाऱ्यास सुंठ द्यावी.'

वहिनी जमिनीवर निजत. "पलंग माज्या बापानं दिला," त्या मला सांगत, "आन् त्येच्यावर निजतंय कोण, तर पेन्सिली."

पंचाहत्तर साली आणीबाणी आली. त्यातच मास्तरांचं एक कार्ड आलं: 'आमच्या सहा तोफा नदीकाठी पोचल्या. येत्या गुरुवारी मारा करू.' कार्ड उघडंच असतं, वाटेत कुणीतरी वाचलं असावं. बुधवारी साध्या वेषातला एक हवालदार बिराजदारांच्या दारात उभा राहिला. त्याला आत नेऊन पलंग दाखवला. तो बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मग म्हणाला, "सायेब, तुमची डावी बाजू उघडी पडलीया की." त्यानंतर बिराजदारांनी त्याला दोनदा चहा दिला आणि तासभर सोडलं नाही.

सात वर्षांत हे दोन सेनापती एकमेकांना भेटले मात्र नव्हते. सोलापूर-विजापूर म्हणजे अर्ध्या दिवसाचीही वाट नाही. "लढाई चालू असताना शत्रूच्या घरी जेवायला जायाचं बरं दिसत न्हाय," असं बिराजदारांचं म्हणणं. पण घरात गोड केलं की ते कार्डात लिहायचे, आणि मास्तरांच्या मोतीबिंदूची तारीख त्यांना तोंडपाठ होती.

शेवटच्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला विजयनगरनं नदी ओलांडली. डावीकडचे वशिंडवाले हत्ती मास्तरांच्या तोफांच्या मागं जाऊन उभे राहिले. बिराजदारांनी मला मुद्दाम घरी नेऊन दाखवलं.

"तीन चाली, वाघमारे. फकस्त तीन."

मी पेढे कुठले आणायचे असं विचारलं. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं होतं. लढाई संपली की नकाशा शाखेत शांतता नांदेल, असा माझा स्वार्थी हिशेब होता.

पुढच्या गुरुवारी कार्ड आलं. अक्षर वेगळं होतं. 'आमचे हत्ती नदीत नेऊन धुवावेत.' मी मोठ्यानं हसलो. ऐन हल्ल्यात हत्ती धुणारा सेनापती मिळाल्याबद्दल बिराजदारांचं अभिनंदन केलं. त्यांनी कार्डाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं बारीक अक्षरात होतं: 'मामंजींना अर्धांगाचा झटका आला. बोलतात तसे मी लिहिते. काही चुकले तर क्षमा असावी. सून.'

त्या दिवशी बिराजदारांनी वही काढली आणि त्रेचाळिसावा नियम लिहिला: 'हत्तीस नदीत धुण्याची मुभा राहील. धूत असता त्यावर मारा करू नये.' मग घरी जाऊन मास्तरांचे तांबडे हत्ती एकेक करून लुगड्याच्या काठावर नेऊन ठेवले आणि आपली चाल सोडून दिली.

पुढचं कार्ड: 'घोडेस्वारांचे पाढे घ्यावेत. सातचा कच्चा आहे.' चव्वेचाळिसावा नियम: 'पाढे म्हणवून घेणे ही कवायत समजावी. कवायतीच्या आठवड्यात लढाई बंद.' त्याच्या पुढचं: 'सर्वांना सुटी द्यावी. ऊन फार आहे.' तेव्हा मार्गशीर्ष चालू होता आणि आम्ही कचेरीत स्वेटर घालून बसत होतो. सुटीचाही नियम झाला.

मला राहवेना. अर्ध्या चौकडीसाठी चाल रद्द करणारा हा माणूस, वहीचं शेपूट वाढवत हाताशी आलेला विजय घालवत होता.

"अहो बिराजदार, म्हातारा भ्रमलाय. तुमच्या सात वर्षांचं काय?"

"नेमात बसतंय न्हवं?" ते म्हणाले. "मग झालं तर."

वहिनीसुद्धा त्या वेळी पलंगाबद्दल बोलल्या नाहीत. मी मात्र बोलत राहिलो, याची आज लाज वाटते.

मग एक गुरुवार कार्ड आलं नाही. दुसराही गुरुवार गेला. तिसऱ्या गुरुवारी टपाल येऊन गेल्यावर मी टेबलावरून वाकून म्हटलं, "बारावा नियम. जिंकलात की हो. विजयनगर जिंकलं." माझा आवाज थोडा मोठाच होता. शाखेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. बिराजदारांनी दऊत बंद केली, नैमित्तिक रजेचा अर्ज लिहिला आणि त्याच दुपारी विजापूरची गाडी पकडली.

सोमवारी ते कामावर आले. दुपारी डबा उघडला. मग आपणहून सांगायला लागले.

"मास्तर वळकंनात ओ. सून कानाशी जाऊन सांगती, सोलापूरचे आलेत, सोलापूरचे. ते नुसतं बघत्यात. लई बारीक झालेत. आमची चादर भिंतीकडंला तशीच हाय, टाचण्या लावलेली. मग एकाएकी मला म्हणाले, तुमी सोलापूरचे न्हवं? मग कोण जिंकलं तालिकोटला?"

"मग?"

"म्हटलं, मास्तर, तुमीच जिंकलात."

सात वर्षांत या माणसाला खोटं बोलताना मी पाहिलं नव्हतं. "आणि बारावा नियम?"

"त्यो बदलला की. होटगीच्या फुडं, गाडीत बसून." त्यांनी वही काढून दाखवली. गाडीच्या धक्क्यांनी त्यांचं ते देखणं अक्षर पहिल्यांदाच वाकडं झालेलं होतं. 'सेनापती आजारी असल्यास तीन गुरुवार मोजू नयेत. विजय त्याचा समजावा.'

"खूष झाले का?"

"लई. हसले तोंडभर. आन् मग सुनेला म्हणाले, त्या बिराजदारांना वाईट वाटलं असंल गं. त्यांना कार्ड टाक." बिराजदारांनी भाकरी तोडली आणि तशीच हातात धरून ठेवली. "मी समोर बसलोय, आन् मला कार्ड टाकायला सांगत्यात."

त्यानंतर आम्ही दोघांनीही डबा संपवला नाही.

गुरुवारी कार्ड आलं. सुनेचंच अक्षर होतं, खाली मास्तरांची डाव्या हातानं ओढलेली सही. 'आपण शर्थीने लढलात. हरल्याचे मनाला लावून घेऊ नये. आम्हाला येथे आपल्याशिवाय कोणी नाही. पुन्हा केव्हा मांडायची ते कळवावे.'

बिराजदारांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्यापुढं ठेवलं. दौतीचं झाकण उघडून कोरं कार्ड पुढं ओढलं. मग टाक हातात घेऊन तसेच बसले.

"काय लिहू, वाघमारे?" ते म्हणाले. "तुमी सांगा की."

सात वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मी उठून माझी खुर्ची त्यांच्या टेबलाशी नेली आणि नुसता शेजारी बसून राहिलो.