करंटचे डॉक्टर

गौतमअण्णांना "तुम्ही नेमकं कशाचे डॉक्टर?" असं पंगतीत विचारू नये. बसवकल्याणच्या एका लग्नात शेजारच्या पाहुण्यानं विचारलं. अण्णांनी त्याच्याच ताटातली भाकरी उचलून चार तुकडे केले.

"सोप्पं हाय बघा. हे हृदयाचे चार कप्पे. ही शेंगाचटणी म्हंजे करंट. वरून खाली सरळ गेला तर ठोका नीट. मधीच चकरा मारायलाय, की घोटाळा."

चटणी भाकरीवर गोल गोल फिरली. वाढपी थांबले. पाहुण्यानं उपाशीपोटी विचारलं, "म्हंजे तुम्ही बायपास करता?"

"न्हाई हो! पुन्यांदा सांगतो."

कलबुर्गीत मी त्यांचा शेजारी, पेशानं शाळामास्तर. मलाही अजून नीट कळलेलं नाही. त्यांच्या गावी, निंबर्ग्यात तर ते 'करंटचे डॉक्टर'. एकजण "जय भीम डॉक्टर" म्हणत पाण्याच्या मोटारीचा जळका स्टार्टर घेऊन आला. अण्णांनी तो खोलला, पण पुन्हा जुळवता येईना, म्हणून सुट्या भागांतच परत दिला.

निंबर्ग्यात त्यांची आई एकटी राहते. सगळा गाव तिला अक्का म्हणतो, अण्णाही. मागं ती अंगणात चक्कर येऊन पडली. ठोके फार मंद झाले होते. छातीत कातडीखाली बॅटरीचं मशीन बसवायला हवं होतं. अण्णा मला सोबत घेऊन गावी गेले.

"बॅटरी? मी काय टॉर्च हाय?" अक्का म्हणाली.

"सोप्पं हाय, अक्का..."

"ते ऱ्हाऊ दे. माझी येळ आल्यावर ही बॅटरी मला सोडंल का? का जीव अडकून बसंल?"

अण्णांनी डोळे पुसले. मग हळूच म्हणाले, "सोडंल. अडवणार न्हाई ती."

"मग बसीव. आन् रडायलास कामून?"

स्वतःच्या आईवर हात चालेना, म्हणून मशीन त्यांच्या सहकारी डॉक्टरीणबाईंनी बसवलं. अण्णा बाहेर माझ्याजवळ बसले.

"गुरुजी, आत काय करत असतील?"

"अहो, हे तुम्ही रोज करता!"

"व्हय. पर आज काहीच कळंना झालंय."

अक्का ठणठणीत झाली, गावी गेली. एरवी सणावारीच गाव गाठणारे अण्णा दर रविवारी निंबर्ग्याला जाऊ लागले. विचारलं की म्हणायचे, "मशीन बघायला." एकदा मीही गेलो. ते हात धुवायला बाहेर गेले तशी अक्का जवळ सरकली.

"मशीनला काय धाड भरलीय? त्या डॉक्टरीणबाईनं लई महिन्यानं या म्हटलंय. पर ह्याला बोलू नगा, गुरुजी. लेकरू यायलंय, येऊ द्या."

मी बुचकळ्यात पडलो. परतीच्या वाटेवर गाडीत राहवलं नाही. "अण्णा, मशीन दर आठवड्याला बघावं लागतं?"

अण्णांनी गाडीचा वेग कमी केला.

"न्हाई," ते म्हणाले. "पर अक्काला सांगू नगा. तिला वाटतंय, मी मशीनसाठी यायलोय."