मनोहरमामांचा कच्चा बटाटा

आमचे मनोहरमामा चीज काट्यावर तोलतात, दूध बीकरमध्ये मोजतात आणि गाजर पट्टी लावून कापतात. पांढऱ्या सॉसमध्ये थर्मामीटरही बुडवतात. एवढा कुटाणा करून पठ्ठ्या बटाटा मात्र कच्चा ठेवायचा. दरवर्षी!

मामा अमरावतीच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीचे लॅब असिस्टंट. लग्न केलं नाही. बेक्ड व्हेजिटेबल त्यांना कुण्या प्राध्यापकाच्या बायकोनं खाऊ घातलं आणि माणूस बिघडला. भाऊबीजेला भावानं बहिणीकडे जेवायला यावं, अशी जगाची रीत. आमचे मामा गोल ओव्हन स्कूटरला बांधून राजापेठेत आमच्या घरी येतात, माझ्या आईला तिच्याच स्वयंपाकघरातून हाकलतात आणि सगळ्या घराला जेवू घालतात.

पहिल्या वर्षी तर त्यांनी आईला पुरीसुद्धा लाटू दिली नाही. म्हणे, भूक मरते. त्या दिवशी दिनूमामाही आले होते. हे मामांचे धाकटे भाऊ, मूर्तिजापूरकडे शेती करायचे. सकाळपासून नुसत्या चहावर होते. रात्री शेतात विजेची लाईन येणार होती, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, म्हणून पाचची बस गाठायची होती. त्यांनी दोनदा ओव्हनकडे पाहिलं. तिसऱ्यांदा झाकणाला हात लावला, तसे मामा स्टॉपवॉच दाखवत म्हणाले, "चाळीस मिनिटं म्हणजे चाळीस मिनिटं. प्रयोग अर्ध्यात उघडत नाही बे!"

दिनूमामा हसले. आईनं त्यांच्या खिशात चिवड्याची पुडी कोंबली आणि ते बससाठी निघून गेले. झाकण उघडायला दहा मिनिटं बाकी होती. मीही तेव्हा मामांच्या बाजूनं फिदीफिदी हसलो होतो, त्याची आजही लाज वाटते.

पौषात दिनूमामा गेले. कसे गेले, हे त्या वर्षांत आमच्या भागात कुणी कुणाला विचारत नसे. गावाकडून फोन आला की 'कोण?' एवढंच विचारायचं.

पुढच्या दिवाळीला दुखवटा. घरात कढई चढवायची नाही, गोड करायचं नाही. आम्ही वरणभातावर भाऊबीज काढायला बसलो होतो, तर दारात मामांची स्कूटर. आई चिडली. मामा शांतपणे म्हणाले, "यात तळण नाही, गोड नाही. रीतीत बसते." आणि त्या दिवसापासून मोजमाप सगळं तेच, पण डिश तिसाव्या मिनिटाला बाहेर. बटाटा दाताखाली करकरायचा. कुणी कुरकुर केली की मामा म्हणायचे, "भुकेल्या माणसाले घड्याळ दाखवू नये." आम्ही मुकाट्यानं चावायचो.

चौथ्या वर्षी आईनं स्वतः गावाला जाऊन दिनूमामांच्या बायकोला, रेखामामीला आणलं. तिला सख्खा भाऊ नाही, आणि नवरा गेल्यापासून सणाला ती कुणाकडेच जात नव्हती. ती जेवेल की नाही, याचाच आईला घोर. मामा तर सकाळपासून तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. तोंड दाखवायचीच चोरी झाली होती त्यांना.

तिसाव्या मिनिटाला डिश समोर आली. रेखामामी तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "हेच का ते, भाऊजी? त्या दिवशी घरी आले तं सांगत होते. दादानं चीजचं कायतरी खाऊ घातलं, लय मऊ होतं म्हणे. पोट भरलं म्हणे. म्हून मी त्या राती त्याईची भाकर टाकलीच नाही."

आईनं पदर तोंडाला लावला. मी मामांकडे पाहू शकलो नाही.

मामांनी मग डिश उचलली, परत ओव्हनमध्ये ठेवली आणि झाकण लावलं. झाकण दोनदा वाजलं.

"अजून दहा मिनिटं लागतात याले," ते म्हणाले. "तुले बस तं नाही पकडायची ना, रेखा?"

"नाही भाऊजी. मी बसली हावो."

मामा तिच्यासमोर खाली फरशीवर बसले. स्टॉपवॉच त्यांनी लावलंच नाही. त्या वर्षी बटाटा शिजला, आणि रेखामामीनं दोनदा मागून घेतला.